शर्यतीकडून घाटाकडे

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी आम्हां दोघांना नाशिकहून ठाण्याला नेलं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तेव्हापासून या वाटेने जाणाऱ्याला कसारा घाट लागतच नाही. डोंगराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. दिवे, पंखे, गुळगुळीत रस्ता... मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तोवर आम्ही पलीकडे निघालो होतो. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, कसलं छान झालं ना? घाटच नको!" मी हो म्हटलं. छान झालं हे खरंच आहे. पण त्या घाटाशी माझं एक जुनं देणं आहे. ते नीट लिहून ठेवावं असं त्या दिवसापासून मनात होतं.

मोटारींचं वेड मला लहानपणापासून. आमच्या नात्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तरला हे खूळ कुठून लागलं म्हणून थट्टाही भरपूर झाली आहे. वेड तेच राहिलं, पण त्याचा विषय बदलला. वयाच्या तिशीपर्यंत मी शर्यतीच्या गाड्यांचा भक्त होतो. त्यानंतर आजतागायत घाटातल्या गाड्यांचा आहे. हा बदल कसा झाला ते सांगताना थोडा मोटारींचा इतिहासही सांगावा लागेल. कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्या.

आमचं बालपण इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतलं. अण्णा (आमचे वडील) तिथे टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर होते. इगतपुरी ते कसारा हा रेल्वेचा थळ घाट, चढ सदतीसात एक. वर येणाऱ्या गाडीला तेव्हा मागून बँकर इंजिनं लावून ढकलावं लागायचं, आणि खाली जाणाऱ्या गाडीचा ब्रेक इगतपुरीला तपासल्याशिवाय तिला सोडत नसत. अण्णांचं आयुष्य त्या तपासणीत गेलं. हातात लांब दांड्याचा हातोडा, खिशात खडू, पावसाळ्यात अंगावर घोंगडी. घाटात जागोजागी कॅच साइडिंग आहेत, म्हणजे गाडी आवरेनाशी झाली तर तिला डोंगरात चढवून थांबवायची आंधळी लाईन. अण्णा म्हणायचे, "आमचं काम काय, तर त्या लाईनीवर कधी गवत तुडवलं जाऊ नये."

मला यात काडीचाही रस नव्हता. ब्रेक तपासणं हे काय काम आहे! रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं यायची. तिथले एक वृद्ध अँग्लो-इंडियन ड्रायव्हर मला त्यातली मोटारींची पानं काढून देत. इंग्रजी फारसं कळत नसे, चित्रं मात्र कळत. त्यातलं एक चित्र मी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं. टक्कल पडत आलेला, शांत चेहऱ्याचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ. १९५१ साली आणि पुढे १९५४ ते १९५७ अशी सलग चार वर्षं, म्हणजे पाच वेळा, हा अर्जेंटिनाचा माणूस जगज्जेता झाला. मुंबईला जुहूच्या विमानतळावर आणि मद्रासजवळ शोलावरमला, महायुद्धातल्या धावपट्टीवर, मोटारींच्या शर्यती होतात हेही तिथेच कळलं. शोलावरम म्हणजे माझी पंढरी होती. (मी तिथे कधीच जाऊ शकलो नाही. आता तिथे शर्यती होतही नाहीत. १९९० पासून श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला स्वतंत्र ट्रॅक झाला.)

घराच्या मागूनच आग्रा रोड जायचा. रात्रभर ट्रक पहिल्या गिअरात कण्हत घाट चढायचे आणि उतरणारेही तसेच कण्हत उतरायचे. मला त्यांची कीव यायची. मोटार म्हणजे वेग, आणि हे बैल!

मग १९६८ साल उजाडलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा, कॉलेजात. लंडनहून सिडनीला मोटारींची शर्यत निघाली असून ती आपल्या गावावरून जाणार, ही बातमी इगतपुरीत आली तेव्हा मला झोप लागेना. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर खिंड, दिल्ली, आणि दिल्लीहून आग्रा-इंदूरवरून मुंबई. लंडन ते मुंबई साधारण सात हजार मैल, आठवड्याभरात. मुंबईला ७२ गाड्या पोचल्या. तिथून त्या 'चुसान' नावाच्या बोटीत चढवल्या, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला उतरवल्या आणि तो अख्खा खंड आडवा कापून १७ डिसेंबरला सिडनीला नेल्या.

घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचं देऊळ आहे. ट्रकवाले तिथे थांबून नारळ फोडतात आणि मग उतरतात. आम्ही पोरं सकाळपासून तिथल्या कट्ट्यावर. गर्दी तर काय, जत्राच! आणि गाड्या आल्या. मैलोन्‌मैलांच्या धुळीने माखलेल्या, पुढे जनावरांच्या धडकेसाठी लोखंडी जाळ्या, कपाळावर दिव्यांची रांग. कुठली गाडी कोणाची हे काही कळत नव्हतं. मी श्वास रोखून पाहत होतो, की आता ह्या घाटात कशा झेपावतात! आणि काय सांगू, त्या देवळाजवळ मंदावल्या, एकेकीने गिअर खाली टाकला, इंजिनाचा आवाज चढला आणि अगदी आपल्या ट्रकासारख्या गुरगुरत वळणाआड उतरून गेल्या. ट्रकापेक्षा जोरात, हे खरं. पण झेप वगैरे काही नाही.

मी इतका हिरमुसलो की रात्री अण्णांना म्हणालो, "हे कसले रेसर? घाबरट आहेत." अण्णा जेवत होते. म्हणाले, "उतारावर हळू जातोय म्हणजे माणूस कामाचा आहे." मी मनात म्हटलं, यांना रेल्वेच्या पलीकडे काही कळत नाही.

त्या शर्यतीचा शेवट मी फार उशिरा, सावकाश वाचला. मुंबईपर्यंत पहिला होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिना या चपळ गाडीत. ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीने दगा दिला. मग पुढे गेला ल्युसिएन बियांकी. हा बेल्जियमचा गडी त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला होता, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा ल मान्सविजेता आमच्या घाटनदेवीवरून गेला होता आणि मी त्याला घाबरट म्हणालो! सिडनी जेमतेम शे-दीडशे किलोमीटर राहिलं असताना समोरून आलेली एक मिनी त्याच्या सित्रोएनवर आदळली. बियांकी गाडीत अडकला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क हा आयर्लंडचा प्रसिद्ध रॅलीपटू थांबला, मदत आणायला उलट फिरला. शेवटी जिंकला तो स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन, 'हिलमन हंटर' नावाच्या अगदी संसारी गाडीत. हंटर म्हणजे तिकडची आपली फियाट म्हणा ना. (इराणात हीच गाडी 'पेकान' नावाने वर्षानुवर्षं बनत होती आणि तिथे तिचं स्थान आपल्या अँबेसिडरचं होतं.) हॉपकर्क दुसरा आला. बियांकी त्या अपघातातून वाचला, पण पुढच्याच वर्षी ल मान्सला सराव करताना गेला.

हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी आपला शर्यतवालाच राहिलो. नोकरी लागली, लग्न झालं, नाशिकला बिऱ्हाड केलं. गाडी घेण्याची ऐपत नव्हती, पण थोरल्या मेहुण्यांची फियाट होती आणि त्यांनी मला मोठ्या मनाने ती शिकवली. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, १०८९ सीसीचं इंजिन. मी मोकळ्या रस्त्यावर ती जमेल तेवढी पळवायचो.

आता ती गोष्ट. ही आजवर फक्त आम्हां दोघांत होती. हिने शब्द दिला होता आणि तो पाळला. आता दोघांचीही पंचाहत्तरी झाली, अण्णांना जाऊन चाळीस वर्षं होत आली, सांगायला हरकत नाही.

१९७९ सालचा मे महिना. कल्याणला लग्न होतं. मेहुण्यांची गाडी मागून घेतली. मी, ही, तीन वर्षांचे चिरंजीव आणि मागे आहेराची भांडी. इगतपुरीला अण्णांकडे चहा घेतला. अण्णांनी फाटकापर्यंत येऊन विचारलं, "ब्रेक बघितलास?" मी म्हटलं, "हो." बघितला नव्हता. घाटनदेवीला हात जोडायलाही थांबलो नाही.

पेट्रोल महाग झालं होतं, गाडी दुसऱ्याची, तेव्हा वाचवता येईल तेवढं वाचवावं म्हणून उतार लागताच मी गाडी न्यूट्रलला टाकली. त्या काळी असं पुष्कळजण करत. आवाज थांबला, नुसता वारा. मला तर फारच मजा वाटली. फॅन्जिओच जणू! वळण आलं की ब्रेक, सरळ आलं की सोडायचं. तीन-चार वळणं झाली, मग एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला तर गाडी जेमतेम मंदावली. पुढच्या वळणावर पाय पार तळाला गेला आणि काही झालंच नाही. जळक्या कापडासारखा वास. गिअर टाकायला गेलो तर तो घेईना, नुसता खरडल्याचा आवाज. हॅन्डब्रेक ओढला, त्याचाही उपयोग नाही. डाव्या हाताला डोंगर होता म्हणून आज हे लिहितो आहे. चाकं गटारात घातली, डोंगराला घासत घासत गेलो आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडी रुतली. भांड्यांचा एवढा आवाज झाला की मला वाटलं गाडीच फुटली. पोर रडायला लागलं तेव्हा मी श्वास घेतला. ही काही बोलली नाही. आजही त्या बाबतीत बोलत नाही.

मागून एक ट्रक येत होता, पहिल्या गिअरात, कण्हत. तो थांबला. ड्रायव्हर पन्नाशीचा, सिन्नरकडचा. त्याने आधी पोराला पाणी दिलं. मी बाटली घेऊन चाकाकडे निघालो तर म्हणाला, "पाणी मारू नका भाऊ, ड्रम तडकंल. राहू द्या तसंच. तासभर बसा." चाकाजवळ नुसता पंजा नेला आणि मान हलवली. मग विचारलं, "न्यूट्रल मारली व्हती ना?" मी हो म्हटलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ज्या गिअरात चढता, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक हा मागून, आधी गिअर." क्लीनरला बरोबर घेऊन गाडी ढिगातून काढून दिली आणि गेला. नाव विचारायचं राहिलं.

डाव्या बाजूचा पत्रा चेपला होता. मेहुण्यांना सांगितलं, ट्रकला साइड देताना घासली. अण्णांना तेही सांगितलं नाही. परत येताना त्यांच्याकडे न थांबता रात्रीच निघून आलो.

शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या सरांना मी एक हिशोब करायला लावला, कारण न सांगता. माणसांसकट बाराशे किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरते, तिला रोखून धरायचं तर किती उष्णता होईल? त्यांनी फळ्यावर मांडलं आणि म्हणाले, साधारण बारा लिटर थंड पाणी उकळेल इतकी. एक घागरभर आधण! गिअर असेल तर त्यातली पुष्कळ इंजिन झेलतं आणि रेडिएटर, धुराड्यावाटे जाते. नसेल तर सगळी त्या चार ड्रमांत. ड्रम तापून फुगतो, आतल्या लायनरची पकड जाते, आणि पाय तळाला जातो.

त्यानंतर मी शर्यतीच्या बातम्या वाचणं सोडलं. आधी भीतीने, पण मग हळूहळू दुसऱ्याच गोष्टी वाचू लागलो. १९८० पासून हिमालयन रॅली सुरू झाली. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी जिद्दीने ती उभी केली. आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकणारे चालक आपल्या पहाडात गाड्या चालवायला आले. वर्तमानपत्रात चार ओळी येत, त्या मी कापून ठेवायचो. पुढे १९९९ ला 'रेड द हिमालय' सुरू झाली. आणि त्यातून मागे मागे जाऊ लागलो, तर मला असं दिसलं की मोटारीची परीक्षा पहिल्यापासून घाटातच झाली आहे.

आपल्याकडचंच बघा. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा झाली, जाऊन-येऊन ६२० मैल आणि सहा घाट. त्यात रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची गाडी उतरली आणि तिने नाव मिळवलं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. पण हीच कंपनी चारच वर्षांनी आल्प्समध्ये फजीत झाली. १९१२ च्या आल्पाइन ट्रायलमध्ये ऑस्ट्रियाच्या काट्शबर्ग घाटात त्यांची गाडी चढावर उभी राहिली ती सुटेचना, कारण तीनच गिअर होते आणि सर्वांत खालचा गिअर त्या चढाला पुरत नव्हता. ताकद होती, गिअर नव्हता. कंपनीने निमूटपणे चार गिअरची पेटी बसवली आणि १९१३ ला त्याच आल्प्समध्ये गाजवलं. मला ही हकिकत फार आवडते. एवढी मानाची कंपनी, पण घाटाने कान धरल्यावर मुकाट्याने शिकली.

आणि माझा फॅन्जिओ! वहीच्या पुठ्ठ्यावरचा. त्याचं चरित्र वाचलं तेव्हा कळलं, की हा माणूस घडला कुठे? अँडीज पर्वतात. बालकार्से गावचा गॅरेजवाला. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करून त्याला शेवरोलेट घेऊन दिली. १९४० साली ब्वेनॉस आयरेस ते लिमा आणि परत अशी जवळजवळ साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत झाली. कच्चे रस्ते, विरळ हवा, गाडी मोडली तर स्वतःच दुरुस्त करायची. ती तो जिंकला. तेव्हा जगात त्याला कोणी ओळखत नव्हतं. १९४८ साली तशाच एका शर्यतीत पेरूमध्ये रात्री गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि त्याचा सोबती दानिएल उरुतिया मेला. त्यानंतर फॅन्जिओ गाडी चालवणं सोडायच्या बेतात होता म्हणतात. मी ते पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, बरेच दिवस. माझ्यामागे आहेराची भांडी होती, पोर होतं. माझ्या बाबतीत खडीचा ढीग होता, एवढाच फरक.

शर्यतीला मी नावं ठेवतो असं समजू नका. १९५३ साली ल मान्सला जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून शर्यत जिंकली, आणि आज तुमच्या-आमच्या गाडीला पुढे डिस्क असतात त्याला ती शर्यत कारण आहे. ड्रमपेक्षा त्या लवकर निवतात. १९७९ साली मेहुण्यांच्या फियाटला त्या असत्या तर... असो. पण त्याच ल मान्सला १९५५ साली एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीच्या वर माणसं गेली. स्वित्झर्लंडने त्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी आणली, पण घाट चढायच्या स्पर्धा तेवढ्या चालू ठेवल्या. त्या लोकांना डोंगर कळतो.

पुढे आमची स्वतःची मारुती ८०० आली. तिने आम्ही आंबोली, कुंभार्ली, वरंधा, आंबेनळी, सगळे घाट केले, सगळे ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरलो. मागच्याने हॉर्न मारून जीव खाल्ला तरी! निवृत्तीनंतर २०१२ साली चिरंजीवांनी मनाली-लेह केलं, आम्हाला घेऊन. तेव्हा अटल बोगदा व्हायचा होता (तो २०२० साली झाला), त्यामुळे १३,०५० फुटांचा रोहतांग चढूनच जावं लागलं. वर हवा विरळ, दर हजार मीटरला इंजिनाची साधारण एक दशांश ताकद जाते. गाडी धापा टाकत होती आणि मीही. खार्दुंग लाच्या पाटीवर तेव्हा १८,३८० फूट लिहिलं होतं, प्रत्यक्ष मोजणीत १७,५८२ भरतात. मास्तरच्या डोळ्यांना अशा पाट्या खुपतात. अरुंद जागी उतरणारे ट्रकवाले चढणाऱ्याला आधी वाट देत, हात वर करत. मी प्रत्येकाला हात करत होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ओळखीचे आहेत का?"

त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत ठाण्याहून परतायच्या आदल्या रात्री सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला त्यातलं काही आठवत नाही, फक्त स्टीलच्या भांड्यांचा आवाज मला अजून आवडत नाही, तो ह्यामुळे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून बोगदा सोडला. नव्या घाटाने इगतपुरीला चढलो, घाटनदेवीला थांबलो, नारळ फोडला आणि फिरून जुन्या कसारा घाटाने खाली उतरलो, दुसऱ्या गिअरात. खडीच्या ढिगाची जागा मला सापडली नाही, रस्ता रुंद झाला आहे, कठडे आले आहेत. कसाऱ्याला चहासाठी उतरलो तेव्हा चिरंजीव पुढच्या चाकाजवळ वाकले आणि पंजा नेऊन बघितला.

डिसेंबर १९६८ मध्ये इगतपुरी, घोटी किंवा कसाऱ्याला त्या गाड्या बघितलेलं कोणी वाचत असेल तर जरूर लिहा. कोणाच्या घरी त्या दिवसाचा एखादा फोटो निघाला तर मला तो पाहायला फार आवडेल. कट्ट्यावरच्या पोरांत पांढऱ्या शर्टातला, हिरमुसलेला मी असेन.